छोट्या टीमचा महिपती

महिपती असवले वारल्याचं मला टाकव्याहून येणाऱ्या दूधवाल्याने सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि माप नीट भरलंय का ते बघितलं. हिने आतून विचारलं, "अहो, तुमच्याबरोबरचेच ना ते?" बरोबरचा म्हणजे एका शाळेत आम्ही काही वर्षं नोकरीला होतो, एवढंच. त्या वर्षांत तो माझ्याशी धड बोलला नाही आणि त्याने बोलावं म्हणून माझंही काही अडलं नव्हतं. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. मला ती कधीच जमली नाही, आणि महिपतीसाठी तर मी ती शिकायला बसणार नाही.

आमची शाळा लोणावळ्याला, खंडाळ्याच्या रस्त्यावर होती. मुंबईच्या श्रीमंतांनी आपल्या मुलांसाठी काढलेली बोर्डिंगची शाळा. मी तिथे अंकगणित शिकवायचो. हेडमास्तर विलायतेत शिकून आलेले होते. येताना त्यांनी पाइप, कायमची सर्दी आणि रग्बी एवढं सामान आणलं. रग्बी म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांच्या रेघेपलीकडे नेऊन टेकवायचा. वाटेत ते तुम्हाला धरून आपटतात. चेंडू सोबत्याला द्यायचा तर मागच्यालाच द्यायचा, हाताने पुढे टाकायचा नाही. हातातून निसटून पुढे पडला तरी डाव तिथेच मोडतो. आणि हे सगळं पावसाळ्यात, का तर जमीन मऊ असते. लोणावळ्याच्या पावसात शहाणा माणूस छत्री घेऊनसुद्धा बाहेर पडत नाही. आमच्या हेडमास्तरांनी त्यात तीस मुलं सोडली.

महिपती ड्रिलमास्तर होता. इंग्रजांच्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला जाऊन आलेला, टाकवे बुद्रुकचा मराठा गडी. गुडघ्याच्या वर कुठेतरी गोळी लागून गेलेली, त्यामुळे चालताना एका बाजूला झुकायचा. बसऱ्याच्या छावणीत गोरे सोल्जर हा खेळ खेळायचे आणि लांब गेलेला चेंडू आणून द्यायला त्याला उभा करायचे, तेव्हा बघून बघून खेळ आला, असं तो सांगे. अंगात पलटणीतला खाकी कोट, हातात निरगुडीची ओली फोक, आणि तोंडात जे काही असायचं ते मी इथे लिहीत नाही. हेडमास्तरांनी त्याच्याकडे लहान मुलांची टीम दिली होती. तिला सगळे छोटी टीम म्हणायचे. शाळेची खरी टीम ती मोठी टीम. ती हेडमास्तर स्वतः शिकवत. महिपतीने पोरं घडवायची आणि त्यातलं चांगलं पोर मोठ्या टीमने उचलून न्यायचं, असा कारभार होता. मोठ्या टीमचा दरवर्षी फोटो निघे. त्यात हेडमास्तर मधोमध बसत. महिपतीला कोणी कधी बोलावलं नाही, आणि त्या वेळी तो मुद्दाम समोरून फोक आपटत जायचा.

छोट्या टीममध्ये बहुतेक पोरं आसपासच्या गावांची होती. मळवली, वराळे, टाकवे इथली काही मुलं शाळेने अर्ध्या फीवर घेतली होती, पण फक्त इंग्रजी चौथीपर्यंत. पुढे पूर्ण फी, आणि ती भरणं त्यांच्या घरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. सुटका एकच होती. मोठ्या टीमने ज्याला घेतलं त्याला मॅट्रिकपर्यंत फी माफ आणि वर टेकडीवरच्या बोर्डिंगात राहणं-जेवण. वर्षाला असा एकच मुलगा घेत. त्यामुळे पोरं जीव तोडून खेळायची, आणि माझ्या तासाला भिजलेल्या अंगाने, चिखलाचा वास मारत, बाकावर डोकं टेकून झोपायची. मी तक्रार केली. महिपती म्हणाला, "मास्तर, तुमची बेरीज चुकली तर पाटी पुसता येती. माजं पोरगं चुकलं तर दात पडतोय." त्या दिवसापासून मी त्याला पाण्यात पाहतो.

या पोरांना हा खेळ शिकवणं अवघड होतं, हे मला मान्य आहे. ती सगळी हुतूतूवर वाढलेली. हुतूतूत हात लागून पकडला गेला तो मेला. मेला की आपण होऊन उठायचं आणि रेघेबाहेर जाऊन बसायचं. गावच्या खळ्यावर पंच कुठला असायला? लागलेला हात जो नाकारतो त्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नाही. तर पहिल्या दिवशी या पोरांना रग्बी खेळायला लावलं तेव्हा ज्याला ज्याला धरून पाडलं तो तो उठला, चेंडू जमिनीवर ठेवला आणि मुकाट्याने मैदानाबाहेर जाऊन ओळीत बसला. थोड्या वेळाने मैदानात दोघंतिघंच उरली. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होतो आणि मला हसू आवरेना.

महिपतीला हसू आलं नाही. तो फोक घेऊन त्या ओळीवर धावला. "कोण मेलं रं? कोण मेलं? ऊठ, तू मेला न्हाईस. शिट्टी वाजंपतुर कोणी मरत न्हाई हितं." हे तो पुढे पावसाळाभर ओरडत राहिला. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. गावाने या मुलांना एक चांगली गोष्ट शिकवली होती, की आपलं आपण कबूल करायचं, आणि हा गृहस्थ पोटऱ्यांवर वळ उठवून ती काढून टाकत होता. मी शिक्षकांच्या खोलीत हे बोललोही. बाकीचे म्हणाले, "केशवराव, खेळ आहे, सोडा." मी सोडलं नाही.

त्या पोरांमध्ये मळवलीचा सोपान होता. त्याची आई बयाबाई मळवलीत एका पारशाचा बंगला राखायची. मुलगा चौथीत, अंगाने सडपातळ, पण पळायला लागला की बोर्डिंगची पोरं नुसती त्याच्या पाठीकडे बघत राहायची. गणितात उत्तम. हा मुलगा शाळेत राहिला तर माणसात येईल आणि सुटला तर बंगल्याची बाग शिंपत बसेल, हे मला दिसत होतं आणि महिपतीलाही. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं. त्याने सोपानला इतरांपेक्षा जास्त मारलं, मी इतरांपेक्षा जास्त गणितं घातली.

सप्टेंबरात निवडीचा सामना असे. छोटी टीम विरुद्ध मोठी टीम. हेडमास्तर शिट्टी घेऊन पंच, आणि सामना संपला की तेच नाव जाहीर करणार. त्या वर्षी सोपानने बोर्डिंगच्या पोरांना अक्षरशः नाचवलं. शेवटी शेवटी त्याला चेंडू मिळाला, तो कडेकडेने सुटला आणि रेघेपलीकडे जाऊन त्याने चेंडू टेकवला. हेडमास्तरांनी शिट्टी फुंकली. गावची पोरं उड्या मारायला लागली. आणि सोपान उठून हेडमास्तरांसमोर उभा राहिला नि म्हणाला, "सर, चेंडू हातातनं पुढं पडलाता. तुमी बघितलं न्हाई."

कोणीच बघितलं नव्हतं. हेडमास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि डाव रद्द केला. सामना मोठ्या टीमने जिंकला. मग हेडमास्तरांनी छोट्या टीममधल्याच, पण बोर्डिंगात राहणाऱ्या एका वकिलाच्या मुलाचं नाव जाहीर केलं. त्याला फी माफीची गरज होती अशातला भाग नव्हता. महिपती झुकत झुकत मैदानात आला. सोपान मान खाली घालून उभा होता. महिपतीने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की पोरगं चिखलात बसलं.

मी धावत गेलो. म्हणालो, "खरं बोलला म्हणून मारता?"

"व्हय," महिपती म्हणाला. "आन तुमी त्याला उद्यापास्नं जेवाय घाला, खरं बोललाय म्हून."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी भाषण केलं. खिलाडूपणा म्हणजे काय ते काल एका खेड्यातल्या मुलाने दाखवलं, प्रत्येक विद्यार्थ्याने सोपानसारखं वागावं, हीच या शाळेची शिकवण, वगैरे. टाळ्या झाल्या. बक्षीस म्हणून सोपानला चौथीतच आणखी एक वर्ष अर्ध्या फीवर राहू दिलं. पुढच्या सप्टेंबरात निवडला गेला तर ठीक, नाहीतर घरी. असलं बक्षीस द्यायला काळीज लागतं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. बघितलं तर मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला महिपतीही वाजवत नव्हता, आणि त्याच्या बाजूने आपण आहोत असं दिसू नये म्हणून मी मग दोन टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात बयाबाई आली. मैदानाच्या मधोमध, पोरांदेखत, तिने महिपतीला गाठलं. "माज्या पोराला मारलं तुमी?"

"मारलं."

"मारायचं तर मी मारीन. मी काय मेले न्हाई आजून. खरं बोलल्याबद्दल कोण मारतं व्हय पोराला?"

महिपतीने तिची समजूत घातली नाही की माफी मागितली नाही. म्हणाला, "बाई, पोराला घरी न्यायचं तर ने. ठेवायचं तर गप ऱ्हा." तिने त्याच्या तोंडावर त्याला निलाजरा म्हटलं, आणि पोराला ठेवून गेली. दुसरा इलाज काय होता तिला?

पुढच्या पावसाळ्यात महिपतीने जे केलं ते मी त्याच्या द्वेषापोटी सांगतोय असं कोणाला वाटू नये. सगळ्या शाळेने बघितलं आहे. पहिल्याच दिवशी त्याने छोट्या टीमला ओळीत उभं केलं. म्हणाला, "सायबांनी भाषणात काय सांगितलं? समद्यांनी सोपानसारखं वागायचं. वागायचं मंजे वागायचं. चेंडू हातातनं पुढं पडला की जिथं असाल तिथं थांबायचं आन हात वर करायचा. पंचानं बघितलं नसंल तरी. जो करनार न्हाई त्याची पाठ माज्याकडं." आणि दर चुकीला तीच फोक. आदल्या वर्षी कबूल केलं म्हणून मार, या वर्षी कबूल केलं नाही म्हणून मार. मी त्याला विचारलं, "हे कसलं शिक्षण?" तो म्हणाला, "तुमच्या हेडमास्तराचं." हे सगळं तो हेडमास्तरांवरचा राग काढायला करत होता, आणि त्यासाठी सोपानचं वर्ष पणाला लावत होता. पोराचं वाटोळं झालं तर याचं काय जाणार होतं? मी हेडमास्तरांना सावध करायला गेलो. ते खूश झाले. म्हणाले, "बघा, माझ्या भाषणाचा परिणाम."

त्यांना परिणाम सप्टेंबरात कळला. शाळेचे विश्वस्त मुंबईहून आले होते, शामियान्याखाली खुर्च्या टाकल्या होत्या. सामना सुरू झाला. छोट्या टीमच्या एका पोराच्या हातून चेंडू पुढे निसटला, तो थांबला आणि त्याने हात वर केला. विश्वस्तांनी कौतुकाने माना डोलावल्या. मग दुसरा, मग तिसरा. बोर्डिंगची पोरं खिदळायला लागली. आणि मग बाळ नावाचा मोठ्या टीमचा कॅप्टन, मुंबईच्या एका सॉलिसिटरचा मुलगा, त्याच्या हातून चेंडू पुढे पडला. हेडमास्तर धुक्यात लांब होते. बाळने चेंडू उचलला आणि पळाला.

छोट्या टीमची पंधराच्या पंधरा पोरं जागच्या जागी उभी राहिली. कोणी त्याच्यामागे गेलं नाही. बाळ मोकळ्या मैदानातून एकटाच पळत गेला, एकट्यानेच चेंडू टेकवला आणि वळून बघतो तर सगळे त्याच्याकडे बघत उभे.

हेडमास्तर ओरडले, "खेळत का नाही तुम्ही?"

महिपती रेघेबाहेरून म्हणाला, "चेंडू पुढं पडला, सायेब. तुमच्या पोराला इचारा."

विश्वस्त ऐकत होते. हेडमास्तरांना विचारावंच लागलं. बाळ बुटाने चिखल उकरत राहिला. डाव रद्द झाला. पुढे असं पुन्हा पुन्हा घडलं. चेंडू जरा निसटला की पंधरा पोरं थांबायची आणि त्या मुलाच्या तोंडाकडे बघायची. बोर्डिंगची मुलं चेंडू हातात घ्यायला घाबरायला लागली. बघायला फार ओंगळ होतं ते. खेळ उरलाच नाही, नुसती झडती चालली होती. त्या गोंधळात सोपानने दोनदा चेंडू रेघेपलीकडे नेला, अगदी स्वच्छ, आणि छोटी टीम जिंकली. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

एवढ्या सगळ्यांदेखत सोपानला डावलणं हेडमास्तरांना शक्यच नव्हतं. त्यांनी नाव घेतलं. सोपान महिपतीकडे बघायला लागला. महिपती म्हणाला, "माज्याकडं काय बघतोस? ट्रंक उचल आन वर जा." मैदानावरून माणसं पांगायच्या आत हेडमास्तरांनी महिपतीला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या महिन्यापासून शाळेला त्याची गरज नाही. ते ऐकताना तो जराही चकित झाला नाही. त्याने हिशेब आधीच करून ठेवला होता, असं मला वाटतं. पण त्याने मला तसं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो टाकव्याला जाऊन शेती करायला लागला.

सोपान मोठ्या टीममध्ये गेला. वर बोर्डिंगात त्याचे काय हाल झाले ते मी बघत होतो. छोट्या टीमने केलेल्या त्या अपमानाचं उट्टं बोर्डिंगच्या पोरांनी त्याच्यावर काढलं. त्याच्या पंगतीला कोणी बसेना, त्याचे बूट पावसात फेकले जायचे, आणि त्याला सगळे "सत्यवादी" म्हणून चिडवायचे. तो माझ्याकडे कधी रडला नाही. गणितं मात्र चुकायला लागली.

ऑक्टोबरात मुंबईच्या एका गोऱ्या शाळेची टीम लोणावळ्याला आली. तिच्यापुढे आमची शाळा दरवर्षी हरायची. पंचही त्यांचाच होता. खुर्च्या विश्वस्तांना आणि पाहुण्यांना होत्या, आम्ही मास्तर लोक तारेच्या कुंपणाशी उभे. बघतो तर कुंपणाच्या पलीकडे, रस्त्यावर, खाकी कोट घालून महिपती. कामशेतला चालत येऊन गाडी धरून आलेला. मी त्याच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्यानेही तेच केलं.

सामना बरोबरीत होता. वेळ संपत आली होती. चेंडू सोपानकडे आला. आमच्या समोरच आला, दहा पावलांवर. तो त्याच्या बोटांना लागून पुढे पडला. मी बघितलं. महिपतीने बघितलं. पंच गर्दीच्या पलीकडे होता. सोपानने एकदा पंचाकडे बघितलं, खाली वाकला, चेंडू उचलला आणि पळाला. त्याला कोणी गाठू शकलं नाही. त्याने चेंडू टेकवला, शिट्टी झाली, आणि शाळा जिंकली. हेडमास्तर पाइप हातात घेऊन नाचले. महिनाभर ज्यांनी त्याचे बूट पावसात फेकले त्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. बाळ सगळ्यात पुढे. सोपान हसत होता. त्याला शाळेत हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मी कुंपणाकडे वळलो. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, ते सोडायची माझी तयारी नव्हती. म्हणालो, "काय महिपती, बघितलंत ना? शिकला शेवटी तुमचा पोरगा." बोलताना मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. आज तो मेला म्हणून ते वाईट वाटून घेणार नाही.

मला वाटलं तो शिव्या घालेल. तो तारेला धरून उभा राहिला. म्हणाला, "ह्या साली शिकवलं त्ये न्हाई शिकला, मास्तर. त्याच्या आदल्या सालची माजी थापड तेवढी शिकला."

पोरं सोपानला खांद्यावर घेऊन आमच्या अंगावरून गेली. सोपानने महिपतीला बघितलं. हसायचा थांबला, आणि खांद्यावर बसल्या बसल्या त्याने आपला गाल हाताने झाकला. महिपती तार सोडून स्टेशनकडे वळला. त्यानंतर तो लोणावळ्याला पुन्हा आला नाही.